तमाशाचे थिएटर आणि फिरता कलावंत



ज्या गावचा देवच नटेश्वर, त्या गावात नाचणाऱ्या-गाणाऱ्या माणसांविषयी बोलण्यास परवानगी मागण्याचे कारण नाही. आपल्या वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे मंदिर यादवकाळातले. आषाढीला माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे येते तेव्हा धावाबावीला भारूड रंगते, आणि चालून दमलेले वारकरी पायांतले गोळे विसरून हसतात. खेळ करणारा माणूस या मातीला परका नाही. तरीही तो पोटाला काय खातो, पावसाळ्यात कोठे राहतो, आजारी पडला तर त्याच्याकडे कोण बघते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आज त्याचाच हिशेब मांडावयाचा आहे.

आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेले. शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, शेजारी शब्दकोश उघडून कायद्याची पुस्तके वाचताना. तेव्हा लावणीतला शृंगार किंवा वगातला विनोद यांवर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे, तो जाणकारांचा. आम्हाला एकच प्रश्न विचारता येतो. हमालाला, विडी वळणाऱ्या बाईला, ऊसतोड्याला आम्ही तोच विचारीत आलो: तुम्हाला काम कोण देतो, आणि काम संपल्यावर तुमच्या हातात काय उरते? हा प्रश्न कलावंताला विचारला, की थिएटर म्हणजे काय वस्तू आहे हे निराळेच दिसू लागते.

पूर्वी नाटकवाल्यांचा संसार एकत्र असे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस मराठी नाटकाचा पाया घातला आणि पुढे गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या. मंडळी म्हणजे एक चालते-फिरते घरच. नट, गवई, पडदे रंगवणारा, आचारी, सगळ्यांचे बिऱ्हाड एक, पंगत एक, आणि महिन्याला ठरलेला पगार. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक मंडळ्यांनी गाशा गुंडाळला. नाटक टिकले, पण पगार गेला. तेथून पुढे नट ‘नाइट’वर जगू लागला. प्रयोग झाला तर त्या रात्रीचे पैसे, न झाला तर काही नाही. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगाराची हीच अवस्था होती. पाळी सुरू होण्याआधी तो गिरणीच्या दारात उभा राही. कोणी गैरहजर राहिला तर याला काम. पण निदान गिरणीला एक दार होते. एकट्या कलावंताने उभे कोठे राहावयाचे?

तमाशा कलावंतांपुरते बोलावयाचे, तर हे दार म्हणजे थिएटर.

तमाशाच्या दोन वाटा आहेत, त्या आधी सांगितल्या पाहिजेत. एक ढोलकीचा फड. त्यात गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग. सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे आणि गाडीचे चालक असा मोठा कबिला घेऊन हा फड दसऱ्यानंतर बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा उरकून परततो. दुसरी वाट संगीत बारीची. येथे वग नाही. लावणी, गाणे, नाच आणि अदा एवढ्यावर खेळ. पार्टी लहान असते. चार-सहा गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, एक पेटीवाला, एक तबलजी, एक ढोलकीवाला. पार्टीची मालक बहुधा बाईच, आणि पार्टी तिच्याच नावाने ओळखली जाते. बाई मालक आणि पुरुष तिच्याकडे रोजंदारीवर, असा धंदा आपल्याकडे दुसरा दाखविणे कठीण आहे. या संगीत बारीचे ठाणे म्हणजे थिएटर, अलीकडच्या भाषेत कलाकेंद्र. पुण्याचे आर्यभूषण थिएटर जुने आणि नामांकित. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला आहे, आणि आपल्या जिल्ह्यात माढा तालुक्यातले मोडनिंब तर या कलाकेंद्रांच्याच नावाने ओळखले जाते.

थिएटर चालते कसे? थिएटरच्या मालकाकडे जागा, रंगमंच, खुर्च्या, वीज आणि परवाना असतो. नाचगाणे त्याच्याकडे नसते. ते पार्टीकडे असते, पण तिच्याकडे जागा नसते. म्हणून करार होतो. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला राहतात, प्रत्येकीला खोल्या मिळतात, आणि संध्याकाळी एकीमागून एक पार्टी रंगमंचावर येते. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा मालकाचा, उरलेला पार्टीचा. याखेरीज प्रेक्षक एखाद्या लावणीची फर्माईश करून पैसे देतो, ती दौलतजादा. कोणी वेगळी बैठक मागितली तर तिचा दर वेगळा. पार्टीच्या वाट्याला जे येते त्यातून मालकीण वादकांचे आणि बायांचे पैसे भागवते.

एवढ्यावरून वाटेल की हा जागेच्या भाड्याचा व्यवहार झाला. तसे नाही. भाड्याच्या खोलीत जे मिळत नाही ते येथे मिळते, आणि म्हणूनच कलावंत थिएटर सोडीत नाही. आम्ही अशा थिएटरांत दुपारच्या वेळी पुष्कळदा बसलो आहोत. दुपारी तेथे गिऱ्हाईक नसते आणि खरे थिएटर दिसते. एका खोलीत म्हातारी बाई पडल्या पडल्या मुलीची चाल दुरुस्त करीत असते: तोंडाने बोल म्हणते, हाताने मांडीवर ताल धरते, आणि मुलगी चुकली की डोळे न उघडताच ‘पुन्हा’ म्हणते. ही त्या मुलीची शाळा. शेजारच्या पार्टीचा पेटीवाला तापाने पडला तर निरोप या खोलीतून त्या खोलीत जातो, आणि संध्याकाळपर्यंत दुसरा पेटीवाला उभा राहतो. पडलेल्याची पार्टी अडत नाही आणि मोकळ्या वादकाला त्या रात्रीची कमाई होते. नवा ढोलकीवाला गावाकडून येतो तो नातेवाइकाची चिठ्ठी घेऊन थिएटरवरच येतो. कोणत्या जत्रेला कोणाची सुपारी गेली, कोणत्या पार्टीत गाणारी हवी आहे, ही बातमी थिएटरच्या चहाच्या टपरीवर सर्वांच्या आधी कळते. सारांश, निवारा, शिक्षण, बदली, बातमी आणि अडीनडीला पैसा, या पाच गोष्टी एका छपराखाली मिळतात. कारखान्यातल्या कामगाराला यांतल्या निम्म्या मिळवण्यासाठी संप करावे लागले.

फडवाल्यांचे दार निराळ्या ठिकाणी आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक आपापल्या राहुट्या उभारतात, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथे येऊन फड ठरवतात. कोणत्या तिथीला कोणाची जत्रा, कोणाचा वग, किती सुपारी, हे सारे तेथे समोरासमोर बसून ठरते. तिकडे विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावी, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली गावे दिवाळीनंतर वडशाला जाऊन नाटक ठरवतात. शंकरपट आणि मंडई यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. नट, वादक, गायिका सारे रात्रीच्या बोलीवर. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मोडनिंब, नारायणगाव, वडसा: तीन प्रदेश, तीन तऱ्हा, पण तत्त्व एकच. ज्याला कायमचा मालक नाही त्याला एक कायमचे ठिकाण लागते.

ठिकाण चांगले असले की कलावंताची योग्यताही वाढते, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. १९९३ साली शेजारच्या अकलूजला, शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ, लावणी स्पर्धा सुरू झाली. थिएटरांतल्या पार्ट्या तेथे आल्या, आणि एरवी ज्या घरांतून थिएटरचे नावही निघत नव्हते त्या घरांतल्या बायका सहकुटुंब येऊन पुढे बसल्या. कला तीच, बाया त्याच, ढोलकीही तीच. मंच बदलला आणि टाळीचा अर्थ बदलला.

आता दुसरी बाजू. ती न सांगता आम्ही खाली बसलो तर तुमची फसवणूक होईल.

थिएटरात आणि फडात कलावंताला बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे उचल. हंगामाच्या आधी, किंवा मध्येच लग्न, आजारपण, घराचे पत्रे असे काही निघाले की पैसे उचलावयाचे आणि कामातून फेडावयाचे. आपल्या भागात ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर येते. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, आणि पुढचा हंगाम जुन्या उचलीच्या पोटी जातो. कलावंताचे तसेच होते. आधी सांगितलेल्या पाच गोष्टींत अडीनडीचा पैसा आम्ही मोजला. तोच पैसा पायातली बेडी होतो. शिवाय संगीत बारीत बाईच्या कमाईवर बसून खाणारे नातेवाईक किती असतात, आणि तिच्या मुलांच्या वाट्याला काय येते, हे करमाळा तालुक्यात वाढलेल्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ सालच्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. ज्यांना थिएटर म्हणजे निव्वळ कलेचे मंदिर वाटते त्यांनी ते वाचावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी आमच्या कचेरीत एक वृद्ध ढोलकीवाला आला. उजव्या हाताची बोटे आखडलेली. त्याला सरकारच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी अर्ज करावयाचा होता. ही योजना १९५४-५५ पासूनची. पन्नाशी ओलांडलेल्या आणि पंधरा वर्षे कलेची सेवा केलेल्या गरजू कलावंताला तिच्यातून दरमहा पैसे मिळतात. अर्जासोबत पुरावा हवा. याने तीस वर्षे ढोलकी वाजवली, तीन फड आणि चार थिएटरे पाहिली, पण पुरावा म्हणून त्याच्यापाशी होते एका जत्रेचे हस्तपत्रक, घडीवर फाटलेले. त्यावर फडाच्या मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत होते, नाचणारीचे छायाचित्र होते, आणि तळाशी ‘व सहकलाकार’ असे दोन शब्द. तो म्हणाला, “दादा, ह्यातला ‘व’ म्हंजी म्या.”

आम्ही हसलो नाही, तोही हसला नाही. मग म्हणाला, “तीस वरसं म्या कुनाचा कामगार हुतो, तेवढं सांगा.”

आम्ही त्याला घेऊन फिरलो. एका ठिकाणी मालक वारले होते आणि मुलाने धंदा सोडला होता. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वाजवायचा खरा, पण लिहिलेले काही नाही. तिसऱ्या थिएटरच्या व्यवस्थापकाने मात्र कपाटातून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. त्या उचलीच्या वह्या होत्या. अमुक तारखेला ढोलकीवाल्यास इतके दिले, अमुक तारखेला इतके कापले, खाली अंगठा. अकरा वर्षांच्या नोंदी ओळीने निघाल्या. कामाचा एक दिवस कोठे लिहिलेला नव्हता. कर्जाचा एक रुपया सुटलेला नव्हता. त्या पानांच्या नकला काढल्या, उरलेल्या वर्षांसाठी दोन जुन्या मालकिणींचे जबाब घेतले, आणि अर्ज मंजूर झाला. म्हाताऱ्याला मानधन लागले. परंतु ज्या माणसाच्या कलेचा पुरावा म्हणून त्याचे कर्ज दाखवावे लागते, त्याच्या धंद्यात काहीतरी मुळात चुकते आहे, हे त्या दिवशी आमच्या मनात पक्के बसले.

ही एका म्हाताऱ्याची अडचण नव्हती, हे २०२० साली सर्वांना दिसले. मार्च महिन्यात करोनाची टाळेबंदी आली ती नेमकी जत्रांच्या तोंडावर. त्या वर्षीचा चैत्र गेला, २०२१ चाही गेला. थिएटरे मधल्या काळात अर्धीमुर्धी उघडली, पुन्हा बंद झाली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. मदत करू इच्छिणाऱ्या संस्था होत्या, दानशूर माणसेही होती. पण मदत कोणाला द्यावयाची? यादी नव्हती. २०२१ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू केली. तिच्यात कलावंताला आपले नाव घालता येते. मात्र तो कोणाकडे, किती दिवस राबला, हे त्या नोंदणीतून कळत नाही.

यावर उपाय काय? ‘कायमचा मालक नाही, म्हणून हक्क नाही’ हे वाक्य आम्ही हमालांच्या बाबतीत ऐकत आलो. बाजारपेठेतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे. त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावयाचा? महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून याचे उत्तर दिले. त्यामागे अण्णासाहेब पाटील आदींची चळवळ होती. योजना साधी आहे. कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले एक मंडळ. कामगारही त्याच्याकडे नोंदलेला आणि व्यापारीही. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरावयाची, आणि तिच्यावर शेकडा ठरलेली लेव्ही द्यावयाची. मंडळ मजुरी कामगाराला देते, आणि लेव्हीतून निधी, उपदान, रजा, औषधपाणी यांची तरतूद करते. मालक दहा असोत की शंभर, हमालाच्या कामाची नोंद एका जागी होते.

कलावंतांसाठी असे करता येते, याचाही दाखला जगात आहे. फ्रान्समध्ये नाटक, सिनेमा, संगीत यांतल्या फिरत्या कलावंतांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी बेकारी विम्याची खास व्यवस्था आहे. तिचे मूळ १९३६ पर्यंत जाते. बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याची नोंद दाखवली, की काम नसलेल्या दिवसांत भत्ता मिळतो. मालक कितीही असोत, तासांची बेरीज होते. तेथेही तो भत्ता टिकवण्यासाठी कलावंतांना वेळोवेळी संप करावे लागले आहेत, हे सांगितले पाहिजे. फुकट कोठेच काही मिळत नाही.

आपल्याकडे एकदम तेवढे होणार नाही. पण आरंभ थिएटरपासून होऊ शकतो, कारण कलावंतांना एकत्र आणण्याचे काम थिएटर आधीच करीत आहे. निवारा, शिक्षण, बदली, बातमी आणि पैसा यांच्या जोडीला सहावी गोष्ट हवी, ती हजेरीची वही. ज्या वहीत उचल लिहिता तिच्याच समोरच्या पानावर लिहा: आज कोणी वाजवले, कोण गायले, कोण नाचले. हंगामाच्या शेवटी प्रत्येकाला सही-शिक्क्याचा दाखला द्या. पुढे तिकिटामागे ठरावीक रक्कम आणि सुपारीमागे ठरावीक हिस्सा बाजूला टाकणारे मंडळ मागता येईल. पण नोंदच नसेल तर मंडळ तरी कोणाचे?

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. कला ही मजुरी नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य, पण कलावंताला भूक मजुरासारखीच लागते. थिएटरचा धंदा बसत चालला आहे, त्याला खर्च झेपणार नाही, असे मालक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु एका वहीला कितीसा खर्च येतो?

खरा अवघड आक्षेप बायांचा आहे. एका पार्टीच्या मालकिणीने आम्हाला स्पष्ट सांगितले की तिचा मुलगा तालुक्याच्या गावी शिकतो, तेथे आई काय करते हे कोणास माहीत नाही, आणि तिला कोणत्याही कागदावर नाव नको. या बाईला आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आज एवढेच म्हणतो: नोंद नावाऐवजी क्रमांकाने ठेवता येईल, वही चारचौघांत न दाखवता पेटीत ठेवता येईल. पण तिला नाव लपवावे लागते, हा दोष वहीचा नव्हे. तो समोर बसून शिट्टी मारणाऱ्याचा आणि दुसऱ्या दिवशी तिला न ओळखणाऱ्याचा आहे.

म्हणून शेवटचे बोलणे तुमच्याशी, मालकांशी नव्हे. तुमच्यापैकी कित्येक जण यात्रा कमिटीवर असतील. पुढच्या चैत्रासाठी फड किंवा पार्टी ठरवाल तेव्हा सुपारीच्या कागदाला एक यादी जोडून मागा, त्या रात्री तुमच्या गावात येणाऱ्या प्रत्येक माणसाची, ढोलकीवाल्यापासून तंबूवाल्यापर्यंत, नावाने किंवा क्रमांकाने. एक प्रत फडाकडे, एक कमिटीच्या दप्तरात. हस्तपत्रक छापाल तेव्हा नाव छापण्यास ज्यांची हरकत नाही, त्यांना ‘व सहकलाकार’ यात गाडू नका. पंधरा वर्षांनी कोणी म्हातारा तुमच्या गावी पुरावा शोधीत येईल, तेव्हा त्याला तो दप्तरात सापडेल.

विठाबाई नारायणगावकर आपल्या पंढरपुरात १९३५ साली जन्मल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस ओढगस्तीचेच होते. राष्ट्रपतींनी गौरवलेल्या कलावतीची ही कथा, तर ‘व’मधल्या माणसाची काय असेल, याचा विचार घरी जाताना करावा. वाटेत नटेश्वराचे देऊळ लागेलच.